युरोपातला पगार पारदर्शकतेचा कायदा आणि मुंबईत बसून त्याची तयारी करणारे आपण

मीठभाकर

नमस्कार मंडळी. मी कॉम्पेन्सेशनमध्ये काम करते, म्हणजे पगाराचे बँड (एका लेव्हलला कमीत कमी ते जास्तीत जास्त किती पगार), बोनस, इन्क्रिमेंट, दिवसभर हेच. ऑफिस पवईला, पण ज्यांचे पगार आम्ही बघतो ती माणसं जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमध्ये. पवई, ऐरोली, गोरेगाव, बीकेसीला अशी कामं करणारे बरेच जण इथे असतील आणि सध्या सगळ्यांच्या मागे एकच काम लागलंय, युरोपियन युनियनचा पगार पारदर्शकतेचा डायरेक्टिव्ह. मराठीत यावर नीट काही सापडलं नाही म्हणून धागा काढतेय.

आधी नियम सांगते. डायरेक्टिव्ह मे २०२३ मध्ये मंजूर झाला आणि सदस्य देशांनी त्यावरून आपापला कायदा करायची मुदत ७ जून २०२६. उमेदवाराशी पगाराची बोलणी व्हायच्या आधीच, जाहिरातीत किंवा इंटरव्ह्यूच्या आधी, सुरुवातीचा पगार किंवा रेंज सांगायची. आधीच्या नोकरीत किती मिळत होतं हे विचारायचं नाही. कामावर असलेल्या कुणीही विचारलं तर त्याचा स्वतःचा पगार आणि तेच किंवा तेवढ्याच मोलाचं काम करणाऱ्या बायकांचा आणि पुरुषांचा सरासरी पगार वेगवेगळा, हे लेखी द्यायचं, २ महिन्यांच्या आत. आणि हा हक्क तुम्हाला आहे असं दरवर्षी आपणहून कळवायचं. "पगार कुणाला सांगू नका" छाप कलम काँट्रॅक्टमध्ये चालणार नाही. मग रिपोर्ट, म्हणजे कंपनीतल्या बायका आणि पुरुषांच्या पगारात किती फरक आहे त्याचा. २५० आणि वर माणसं असतील तर पहिला ७ जून २०२७ पर्यंत आणि मग दरवर्षी, १५० ते २४९ वाल्यांचा पहिला त्याच तारखेला पण पुढे दर ३ वर्षांनी, १०० ते १४९ वाल्यांना ७ जून २०३१ पर्यंत वेळ.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते. बहुतेक मॅनेजमेंट रिपोर्टची तारीख धरून बसलीय, २०२७ ना, मग बघू. पण २०२७ चा रिपोर्ट आधीच्या कॅलेंडर वर्षाचा, म्हणजे २०२६ मध्ये दिलेल्या पगाराचा असणार आहे, त्यामुळे तेव्हा कितीही सुंदर रिपोर्ट बनवला तरी आकडे बदलता येणार नाहीत. आणि रिपोर्ट हे खरं काम नाहीच. खरं काम म्हणजे एकाच कामाच्या दोन माणसांच्या पगारात फरक असेल तर तो का आहे, याचं उत्तर कुणी विचारायच्या आधी लिहून ठेवलेलं असणं. ते उत्तर आज बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नाही. ज्याने तो पगार ठरवला तो मॅनेजर केव्हाच सोडून गेलाय आणि फाइलमध्ये फक्त "अप्रूव्हड" एवढाच शेरा आहे.

ज्यांनी काम सुरू केलंय त्यांनी लिहा, ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी विचारा.

मरोळ_नाका

चांगला धागा ताई. माझा छोटा एक्स्पोर्टचा धंदा आहे, अंधेरीला युनिट आणि नेदरलँड्समध्ये सेल्स आणि सर्व्हिससाठी १४ माणसांची कंपनी. आमच्या सीएने सांगितलं की १०० च्या खाली आहात म्हणजे हे तुम्हाला लागूच नाही, डोक्याला ताप घेऊ नका. मग मी सुटलो ना? आणि इथल्या अंधेरीच्या कामगारांचा आकडा त्यात धरतात का?

मीठभाकर

@मरोळ_नाका दादा, हाच गैरसमज सगळ्यात जास्त आहे. १०० चा आकडा फक्त रिपोर्टसाठी. जाहिरातीत किंवा इंटरव्ह्यूआधी रेंज सांगणं, जुना पगार न विचारणं, माहितीचा हक्क, हे सगळं १४ माणसांच्या कंपनीलाही आहे. ५० पेक्षा कमी माणसं असतील तर पगारवाढीचे निकष उघड करण्यातून सूट द्यायची मुभा देशांना दिलीय, तेवढीच. तेव्हा नेदरलँड्सचा कायदा काय म्हणतो ते तिथल्या वकिलाकडून बघून घ्या, कारण डायरेक्टिव्ह हा किमान पाया आहे, एखादा देश त्याहून कडक जाऊ शकतो. अंधेरीची माणसं त्यात येत नाहीत, हा युरोपातल्या नोकऱ्यांचा कायदा आहे.

सीव्ही_चाळणारा

मी रिक्रूटमेंटमध्ये आहे, आमची टीम मालाडहून युरोपच्या जागा भरते. मला सगळ्यात अवघड गेलं ते फोनची सवय मोडणं. आपल्याकडे पहिला कॉल म्हणजे तीन प्रश्न ठरलेले, करंट सीटीसी (सध्याचा वर्षाचा एकूण पगार), एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. पोरं झोपेत पण हेच विचारतील. नंतर तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागायच्या आणि करंटवर अमुक टक्के लावून ऑफर काढायची. युरोपच्या जागांसाठी हा पहिला प्रश्नच बंद. नुसतं ट्रेनिंग देऊन भागत नाही हो, आम्ही ट्रेनिंग दिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, पण अर्जाच्या फॉर्ममध्ये "सध्याचा पगार" हा रकाना तसाच, तोही स्टार लावून कंपल्सरी. सिस्टिममध्ये तो रकाना आहे तोवर कुणीतरी भरून घेणारच. आणि फक्त आपला फॉर्म बघून चालत नाही, कन्सल्टंट लोक जो सीव्हीचा तक्ता मेलवर पाठवतात त्यात पण तो कॉलम असतो, तिथूनही काढायला सांगावं लागतं.

निशिगंध

हा करंट सीटीसीचा प्रकार वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मुलीच्या वेळी मी नोकरी सोडली होती, नंतर परत सुरू केली तेव्हा एका कंपनीने ब्रेकच्या आधीची सॅलरी स्लिप मागितली आणि त्यावर थोडं वाढवून ऑफर दिली. मला नोकरी हवी होती, मी हो म्हटलं. माझ्याबरोबर त्याच टीमला, त्याच लेव्हलला जो मुलगा लागला त्याचा पगार माझ्यापेक्षा खूपच जास्त होता, हे कळलं ते एकदा चहाच्या टपरीवर होम लोनच्या गप्पा चालल्या होत्या तेव्हा. एचआरला विचारलं तर उत्तर काय, "त्याचा आधीचा पगारच जास्त होता". म्हणजे जुना कमी पगार पुढच्या प्रत्येक नोकरीत माझ्या मागे येणार, मी कितीही चांगलं काम केलं तरी. तेव्हा जे लोक हे काम करताय त्यांना माझं एकच सांगणं आहे, हा चेकलिस्टचा विषय म्हणून करू नका. एका एका ओळीमागे माणूस आहे.

मीठभाकर

@निशिगंध, मनापासून थँक्यू लिहिल्याबद्दल. तुम्हाला दिलेलं उत्तर हे युरोपात आता कारण म्हणून टिकणं कठीण आहे. आणि दुसरं एक नेहमीचं कारण, "त्याने निगोशिएट चांगलं केलं", ते तर जर्मनीच्या फेडरल लेबर कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्येच उडवून लावलं. सेल्सची जागा, बाईला आणि पुरुषाला दोघांनाही आधी ३,५०० युरो बेसिक देऊ केलं, त्याने जास्त मागितलं म्हणून त्याला ४,५०० दिलं, तिला ३,५०० वरच ठेवलं. कंपनी म्हणाली त्याने घासाघीस केली. कोर्ट म्हणालं, एवढ्याने बाईला कमी पगार देणं योग्य ठरत नाही. आता या डायरेक्टिव्हनंतर पारदर्शकतेचे नियम ज्या कंपनीने पाळले नसतील तिच्यावरच उलट भेदभाव झालेला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी येते. कागद नसेल तर हरलात.

काळा_कोट

मुंबईकरांनी एक गोष्ट विसरू नये. हा विषय आपल्याला युरोपने शिकवलेला नाही. बॅलार्ड इस्टेटच्या जुन्या शिपिंग कंपन्यांपैकी मॅकिनन मॅकेन्झी, तिथे ऑड्री डिकोस्टा नावाच्या बाई कॉन्फिडेन्शियल स्टेनोग्राफर होत्या. बाई स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार, आणि तोही युनियनबरोबरच्या करारात लिहिलेला. त्या भांडल्या आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीचं म्हणणं होतं की बायका साहेबांबरोबर बसून काम करतात, ते वेगळं काम आहे. कोर्टाने विचारलं की कामात नेमका फरक काय ते दाखवा, कागदावरचं पद वेगळं असून उपयोग नाही. आणि कंपनीची परिस्थिती नाही हे कारणही चालणार नाही असं स्पष्ट म्हटलं. त्या निकालाचा आधार म्हणजे १९७६ चा समान वेतन कायदा. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झालाय आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यातही लिंगावरून पगारात भेदभाव करायला बंदी आहेच.

पण एक मोठी उणीव आहे. आपल्याकडे समान पगाराचा हक्क आहे, पण शेजारच्याचा पगार कळायचा मार्ग नाही. लिस्टेड कंपन्यांना डायरेक्टर आणि मीडियन, म्हणजे पगाराच्या क्रमात बरोबर मधला, कर्मचारी यांच्या पगाराचं गुणोत्तर द्यावं लागतं, सेबीच्या बीआरएसआर या वार्षिक अहवालाच्या फॉरमॅटमध्ये पहिल्या १,००० कंपन्या स्त्री-पुरुषांचे मीडियन पगार देतात, पण त्यात डायरेक्टर, मॅनेजमेंटचे वरचे लोक, बाकी कर्मचारी, कामगार असे ढोबळ गट असतात. त्यातून एखाद्या निशिगंधला स्वतःबद्दल काहीच कळत नाही. युरोपने नेमकी ती खिडकी उघडलीय, म्हणून मला तो कायदा महत्त्वाचा वाटतो.

डाउन_फास्ट

मी रेल्वेत, सीएसएमटीला. आमच्याकडे सगळ्यांचे पगार सगळ्यांना माहीत. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता आहे, लेव्हल ६ म्हटलं की ३५,४०० पासून सुरू, लेव्हल १० म्हटलं की ५६,१००, बाई असो की पुरुष. कुणी कुणाशी भांडत नाही त्यावरून. प्रायव्हेटवाल्यांना एवढी भीती का वाटते हे मला कधीच कळलेलं नाही. फक्त एक आहे, बेसिक सारखं असलं तरी नाइट ड्युटी आणि ओव्हरटाइम कोणाला मिळतो तिथे फरक पडतो, घरच्या जबाबदारीमुळे बायकांना तो घेता येत नाही.

पेरोल_ऐरोली

@डाउन_फास्ट काकांनी जे शेवटी लिहिलंय तेच आमच्या डेटात पण निघालं. आम्ही गेले काही महिने हेच करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कामाला येईल.

सुरुवातीला वाटलं पेरोलमधून फाइल काढायची आणि एक्सेलमध्ये पिव्हट टाकून बेरजा-सरासऱ्या काढायच्या, झालं. फाइल उघडली तर "सीनियर असोसिएट" या एका पदाखाली जे लोक होते त्यात कुणी इन्व्हॉइस बघतं, कुणी कस्टमरचे फोन घेतं, कुणी अख्ख्या देशाचा टॅक्स भरतं. पद एक, कामं पाच. डायरेक्टिव्हला पदाच्या नावाशी घेणंदेणं नाही, त्याला कामाचं मोल हवंय, आणि ते चार गोष्टींवर मोजायचं, कौशल्य, मेहनत, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती. सॉफ्ट स्किल्सना कमी लेखायचं नाही असंही त्यात म्हटलंय, म्हणजे कस्टमरची शिवीगाळ ऐकून शांत राहणाऱ्या पोरीचं काम पण मोजायचं. त्यामुळे आम्हाला पदं बाजूला ठेवून कोण नक्की काय करतं हे मॅनेजरबरोबर बसून लिहावं लागलं. इथेच सगळा वेळ गेला आणि जायलाच हवा.

मग पगार म्हणजे काय हा प्रश्न. बेसिक तर आहेच, पण बोनस, भत्ते, पेन्शनमधला कंपनीचा वाटा, वस्तूच्या रूपाने दिलेलं सगळं धरायचं. जर्मनीत वरच्या सेल्सवाल्यांना कंपनीची गाडी असते, तिची नोंद नीट मिळेना, गाड्या बघणाऱ्या व्हेंडरच्या एक्सेलमध्ये होती. ती जोडली आणि एका गटात फरक एकदम वाढला कारण गाड्या बहुतेक पुरुषांकडे. नेदरलँड्समध्ये ८ टक्के हॉलिडे अलाउन्स वेगळा, आणि तिथे आठवड्याला ३२ तास, २४ तास काम करणारे भरपूर आणि त्यात बायका जास्त, त्यामुळे वर्षाचा पगार सरळ तुलना केला तर चूक, तासाचा दर काढावाच लागतो. डायरेक्टिव्हमध्येही वर्षाचा ग्रॉस आणि त्याचा तासाचा दर असे दोन्ही धरलेत.

एक गणित दाखवतो, आकडे नुसते समजावण्यापुरते. समजा टीम लीडच्या गटात १० पुरुष, सरासरी ५२,००० युरो, आणि ८ बायका, सरासरी ४८,९००. फरक ३,१००, भागिले ५२,०००, म्हणजे जवळपास ६ टक्के. फरक ५ टक्के किंवा त्याहून जास्त निघाला, त्याला स्त्री-पुरुष भेद सोडून दुसरं ठोस कारण देता आलं नाही आणि ६ महिन्यांत दुरुस्तही केलं नाही, तर कामगारांच्या प्रतिनिधींबरोबर बसून संयुक्त तपासणी करावी लागते. आता बेसिक आणि व्हेरिएबल वेगळं करा. बेसिकमधला फरक जेमतेम २ टक्के निघाला तर उरलेलं सगळं शिफ्ट अलाउन्स आणि बोनसमध्ये आहे. मग प्रश्न बदलतो, रात्रीच्या शिफ्ट कोण वाटतं, बोनसचं रेटिंग कोण देतं. रिपोर्टमध्ये पण हे दोन्ही वेगळं द्यावंच लागतं त्यामुळे लपत नाही.

निशिगंध

@पेरोल_ऐरोली, मॅटर्निटी लीव्हवरून आलेल्या बाईचं काय होतं तुमच्या डेटात? ती रजेवर असताना सगळ्यांना इन्क्रिमेंट लागतं आणि तिचं राहून जातं, हे मी बघितलंय.

पेरोल_ऐरोली

अगदी बरोबर पकडलंत ताई. आम्ही रजेच्या तारखा आणि इन्क्रिमेंटच्या तारखा समोरासमोर ठेवल्या तर काही नावं तशीच निघाली, सायकल गेली आणि त्यांचं लेटरच निघालं नव्हतं. मुद्दाम कुणी केलेलं नव्हतं, रेटिंग नाही म्हणून सिस्टिमने ओळ वगळली. ती लगेच मागच्या तारखेपासून लावून घेतली. संयुक्त तपासणीत हा मुद्दा स्पष्ट नाव घेऊन विचारलेला आहे, मॅटर्निटी, पॅटर्निटी, पेरेंटल लीव्हवरून परत आल्यावर किती जणांना वाढ मिळाली ते. हे ज्याने त्याने आपल्या फाइलमध्ये आजच बघावं, कायदा लागू असो नसो.

मरोळ_नाका

वाचून माझं मत बदलायला लागलंय, पण एक धंदेवाल्याचा प्रश्न. १४ माणसात एकच बाई असिस्टंट मॅनेजर आणि दोन पुरुष. त्यांनी सरासरी मागितली तर उरलेल्याचा पगार सरळ कळतोच की. मग प्रायव्हसीचं काय? आणि दुसरं, फरक निघाला तर ज्याचा जास्त आहे त्याचा कमी करता येतो का? सगळ्यांचे वाढवायला माझ्याकडे पैसे कुठून येणार.

काळा_कोट

पहिल्याचं उत्तर, लहान गटात एखाद्याचा पगार उघडा पडत असेल तर ती माहिती फक्त कामगार प्रतिनिधी, लेबर इन्स्पेक्टर किंवा समानता संस्थेकडे द्यायची अशी सोय करायची मुभा देशांना आहे. नेदरलँड्सने ती कशी वापरलीय ते तिथे विचारा. पण "प्रायव्हसी" म्हणून काहीच द्यायचं नाही हे चालत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं, ज्याचा जास्त आहे त्याचा पगार कापून समानता आणायचा विचार डोक्यातून काढा. आपल्या वेतन संहितेत तर सरळ लिहिलंय की समान पगाराचा नियम पाळण्यासाठी कुणाचाही पगार कमी करायचा नाही, १९७६ च्या कायद्यातही तेच होतं. युरोपात पण कोर्टांचा कल कमी असलेल्याला वर आणण्याकडे आहे. आणि भेदभाव सिद्ध झाला तर मागची थकबाकी, त्यावरचा बोनस, सगळं द्यावं लागतं, दावा करायची मुदत किमान ३ वर्षं. तेव्हा आता थोडे पैसे बाजूला काढून दोन-तीन वर्षांत फरक भरून काढणं हेच स्वस्त पडतं.

मीठभाकर

@मरोळ_नाका दादा, पैशाचा प्रश्न खरा आहे, तो मी हलका करणार नाही. आम्ही पण एकदम सगळं नाही करू शकलो. आम्ही असं केलं की इन्क्रिमेंटच्या बजेटमधला काही भाग फक्त यासाठी वेगळा काढून ठेवला आणि त्यातून आधी ती माणसं घेतली ज्यांच्या फरकाला कुठलंच कारण सापडत नव्हतं. सगळ्या फरकांना कारण नसतं असं नाही हं. अनुभव, कामगिरी, एखादं दुर्मिळ सर्टिफिकेट, ही कारणं चालतात, पण ती सगळ्यांना एकाच मापाने लावलेली हवीत. एका पुरुषाला "दहा वर्षांचा अनुभव" म्हणून जास्त दिलंय आणि शेजारच्या बाईला बारा वर्षं झालीत, तर ते कारण तिथेच पडलं.

आमच्या फाइलमध्ये मी प्रत्येक नावापुढे एक रकाना ठेवलाय, "का". त्यात एक वाक्य लिहायचं, मोघम नाही. "मार्केटप्रमाणे" असं लिहिलेलं मी परत पाठवते. कुठलं मार्केट, कुठल्या महिन्याचा सर्व्हे, त्या वेळी त्याच कामासाठी दुसऱ्या कुणाला काय दिलं, एवढं लिहिता आलं तरच ते कारण. सुरुवातीला मॅनेजर वैतागले. आता तेच ऑफर काढायच्या आधी विचारतात की "का" मध्ये काय लिहू.

सीव्ही_चाळणारा

मॅनेजरवरून आठवलं, त्यांची तयारी कुणी करत नाही. एचआरला सगळं माहीत असतं पण पहिला प्रश्न मॅनेजरलाच येणार, वन ऑन वन मध्ये, "मी बँडमध्ये कुठे आहे?" आणि तो घाबरून काहीतरी बोलून टाकणार. "हे कुणाला सांगू नकोस" हे वाक्य तर तोंडात बसलंय सगळ्यांच्या, तेच सगळ्यात धोक्याचं. आम्ही मॅनेजरना पाठ करायला काही दिलं नाही, फक्त तीन गोष्टी सांगायला शिकवल्या, तुझा बँड हा, त्यात तू इथे, वर जायला हे हे लागतं. आणि माहीत नसेल तर दोन दिवसांत सांगतो म्हण, अंदाज सांगू नको.

डाउन_फास्ट

हे मुंबईतल्या मुंबईत कधी येणार? माझी मुलगी यंदा कँपसमधून लागेल. नोकरीच्या साइटवर बघितलं तर निम्म्या जाहिरातींत पगाराच्या जागी "नॉट डिस्क्लोज्ड".

काळा_कोट

जाहिरातीत रेंज द्या असा नियम आपल्याकडे नाही. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून आहे, कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून. पण मुलीला एक सांगा, अपॉइंटमेंट लेटर आता नव्या लेबर कोडप्रमाणे द्यावंच लागतं, ते घेतल्याशिवाय जॉइन होऊ नकोस आणि त्यात फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती हे वेगळं लिहून माग. आणि बरोबरच्या पोरापोरींना पगार विचारायला लाजू नकोस म्हणावं, विचारायला कायद्याने कुठे बंदी आहे.

मरोळ_नाका

बरं, मी आज नेदरलँड्सच्या मॅनेजरशी बोललो. सर्व्हिस इंजिनिअरची एक जागा भरायची आहे, पुढच्या आठवड्यात जाहिरात लावतोय, रेंजसकट. तो म्हणतो ३५,००० ते ६५,००० युरो टाकू, म्हणजे कुणीही बसेल. चालेल का?

मीठभाकर

नको दादा. एवढी रुंद रेंज म्हणजे न सांगितल्यासारखंच, उमेदवाराला त्यातून काही कळत नाही आणि तुमच्याकडे निकषच नाहीत असं दिसतं. ज्या अनुभवाचा माणूस खरंच घ्यायचाय त्याचीच रेंज टाका. आणि जाहिरात लावायच्या आधी एक करा. आत्ता तुमच्याकडे जे सर्व्हिस इंजिनिअर आहेत त्यांचे पगार त्या रेंजशेजारी ठेवून बघा, कारण ती जाहिरात सगळ्यात आधी तेच वाचणार आहेत. कुणी रेंजच्या खाली असेल तर त्याचं किंवा तिचं इन्क्रिमेंट लेटर आधी काढा, मग जाहिरात लावा.